घरची शुश्रूषा आणि सरकारची मोजपट्टी

ज्यांचीं मुलेंबाळें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत अशीं घरें आपल्या वाचकवर्गांत आतां थोडींथोडकीं नाहींत. त्यामुळें तिकडील शाळा, विमे, कर अशा विषयांवरील पृच्छा या सदराकडे अधूनमधून येत असतात व त्यांचा परामर्श बहुधा चार ओळींत घेतां येतो. परंतु नुकतीच आलेली एक पृच्छा अशी आहे कीं, तिला सबंध लेख दिल्यावांचून गत्यंतर नाहीं. पृच्छक भगिनींचा दौहित्र न्यू जर्सी संस्थानांत असतो. जन्मतःच त्याच्या स्नायूंत बळ नाहीं. अन्न नळीवाटे पोटांत घालावें लागतें आणि रात्रीं श्वासयंत्र लावून निजवावें लागतें. श्वासाची नळी कफानें तुंबली तर ती तत्काळ मोकळी करावी लागते, म्हणून रात्रभर कोणी तरी जाणतें माणूस उशाशीं जागें असावें लागतें. सरकारनें त्याकरितां रोज दहा तासांची परिचारिका मंजूर केली असून तिचा पैसा सरकारी खजिन्यांतून जावयाचा आहे. असें असूनहि आठवड्यांतून तीन-चार रात्री कोणीच येत नाहीं, आणि मुलाचे आईबाप आळीपाळीनें जागून सकाळीं कामावर जातात. भगिनी विचारतात, "मंजुरीचा कागद हातांत आहे, पैसे सरकार द्यावयास तयार आहे, मग माणूस कां येत नाहीं?"

आपल्याकडे अशा प्रश्नास 'कोणी तरी मधल्यामध्यें खात असेल' असें उत्तर चटकन् मिळतें. येथें तें लागू पडत नाहीं. सरकार पैसे देत नाहीं म्हणून माणूस येत नाहीं असें नसून, तें पैसे कोणतें माप धरून देतें आणि किती देतें, यांत खरें कारण आहे. माप कोणतें धरावें हा हिशेबनिसाचा प्रश्न वाटतो. पण गेल्या साठ वर्षांचा तिकडील अनुभव असा कीं, रुग्णाच्या उशाशीं कोण बसेल, किती वेळ बसेल आणि केव्हां उठून जाईल हें वैद्याच्या मतापेक्षां या मापानेंच अधिक ठरविलें आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. परिचारकाच्या अंगीं चार गुण असावे असें तेथें म्हटलें आहे. उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता, हे ते गुण होत. यांपैकीं पहिला गुण सरकारला परीक्षा घेऊन पारखतां येतो, दुसरा व चौथा तपासनीस पाठवून थोडाफार पाहतां येतो. अनुरागास मात्र कोणत्याहि तक्त्यांत रकाना नाहीं. 'शुश्रूषा' या शब्दाचीच व्युत्पत्ति पाहा. श्रु धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो आला आहे. ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ. जें मूल बोलूं शकत नाहीं, त्याच्या श्वासाचा बदललेला आवाज ऐकण्यासाठीं जागें राहणें हीच त्याची शुश्रूषा, आणि नेमकें हें ऐकणें खेपांच्या हिशेबांत बसत नाहीं. असो.

अमेरिकेंत सरकारी खर्चानें घरीं शुश्रूषा मिळण्याच्या वाटा मुख्यतः दोन आहेत. ३० जुलै १९६५ रोजीं अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं मिसूरी संस्थानांतील इंडिपेंडन्स या गांवीं, माजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या उपस्थितींत, ज्या कायद्यावर सही केली त्यांतून या दोन्ही निघाल्या. पहिली 'मेडिकेअर' : ही पासष्ट वर्षांवरील वृद्धांसाठीं, आणि १९७२ च्या दुरुस्तीपासून दीर्घकाळ अपंग असलेल्यांसाठींहि, तिचा कारभार मध्यवर्ती सरकारकडे. दुसरी 'मेडिकेड' : ही मुख्यतः गरिबांसाठीं, आणि पुढें सांगितलेल्या कारणानें गंभीर अपंग मुलांसाठींहि. हिचा भार मध्यवर्ती सरकार व त्या त्या संस्थानाचें सरकार मिळून उचलतात. परिचर्येसारख्या सेवांच्या खर्चांत मध्यवर्ती वाटा निम्म्याहून कमी नसतो, पण दर ठरविण्याचें काम संस्थानाचें. नांवांतील साम्यामुळें तिकडील सुशिक्षितहि या दोहोंत घोटाळा करतात, म्हणून आपल्या मंडळींनीं प्रथम हा भेद पक्का करून घ्यावा. दोन्हींत सरकार स्वतः परिचारिका नेमीत नाहीं. परवाना असलेल्या खासगी किंवा धर्मादाय संस्था माणसें नेमतात, घरोघर पाठवितात आणि मग सरकारकडे बिल करतात. सरकार आणि रुग्ण यांच्यामध्यें ही संस्था उभी आहे. तिला परवडेल तेंच रुग्णापर्यंत पोंचतें.

मेडिकेअरचा नियम पाहूं गेल्यास रुग्ण घराबाहेर सहज पडूं न शकणारा असावा, त्यास कुशल परिचर्येची गरज असावी आणि ती गरज अधूनमधूनची असावी. परिचारिका व मदतनीस मिळून सामान्यतः आठवड्यास २८ तासांपर्यंतच मर्यादा. रुग्णाला या सेवेपायीं पदरचें कांहीं द्यावें लागत नाहीं, ही गोष्ट खरोखर वाखाणण्यासारखी. पण रात्रंदिवस राखण यांत येत नाहीं. शस्त्रक्रियेनंतर चार-सहा आठवड्यांत हिंडूंफिरूं लागणारा म्हातारा माणूस डोळ्यांपुढें ठेवून केलेला हा नियम आहे.

आतां मापाकडे वळूं. पहिलीं तीस-बत्तीस वर्षें संस्थेस झालेला खर्च, कांहीं मर्यादेंत, भरून देण्याची रीत होती. जितक्या खेपा तितका खर्च, आणि जितका खर्च तितकी भरपाई. तेव्हां खेपा वाढत गेल्या यांत आश्चर्य नाहीं. १९९० नंतर हा खर्च इतक्या झपाट्यानें फुगला कीं १९९७ सालीं काँग्रेसनें (ही तिकडील विधिसभा, आपल्याकडील पक्षाशीं तिचा संबंध नाहीं) कायदा करून हात आखडता घेतला. नवी पद्धति तयार होईपर्यंत तात्पुरती म्हणून एक व्यवस्था लावली गेली, तींत संस्थेस दर रुग्णामागें वर्षाकांठीं मिळावयाच्या रकमेवर सरासरीनें मर्यादा बांधली. त्या वेळीं देशांत अशा दहा हजारांहून अधिक संस्था होत्या. पुढल्या तीन वर्षांत त्यांपैकीं हजारों बंद पडल्या. त्यांत लबाड संस्था होत्या हें खरें, पण सगळ्या तशा नव्हत्या. थोड्या दिवसांचे रुग्ण घेणाऱ्या संस्थेस ही मर्यादा फारशी जाचली नाहीं. अर्धांगवायूचे, मधुमेहानें पाय गमावलेले, वर्षानुवर्षें अंथरुणास खिळलेले रुग्ण जिनें पत्करले तिच्या मात्र ती गळ्याशीं आली.

१ ऑक्टोबर २००० पासून ठरलेली नवी पद्धति सुरू झाली. खेप हें माप टाकून साठ दिवसांची मुदत हें माप घेतलें. मुदतीच्या आरंभीं परिचारिका एक लांबलचक प्रश्नावली भरते. उत्तरांवरून रुग्ण ऐंशी वर्गांपैकीं एका वर्गांत पडतो आणि त्या वर्गाची ठरीव रक्कम संस्थेस मिळते. मग खेपा बारा होवोत कीं तीस होवोत, रक्कम तीच. फारच थोड्या खेपा झाल्या तर तेवढा हिशेब निराळा. यांत एक मेख राहून गेली होती. व्यायामोपचाराच्या खेपा दहा किंवा अधिक झाल्यास रक्कम एकदम बरीच वाढे. परिणाम असा झाला कीं, दहाचा उंबरठा ओलांडणारे रुग्ण भराभर वाढूं लागले. सरकारनें २००८ सालीं दहाचा एक उंबरठा काढून सहा, चौदा व वीस असे तीन घातले. त्याबरोबर खेपांची संख्या या नव्या आंकड्यांभोंवतीं गोळा होऊं लागली. रुग्णांचे गुडघे २००७ च्या डिसेंबरांत एका तऱ्हेचे आणि २००८ च्या जानेवारींत दुसऱ्या तऱ्हेचे झाले नव्हते! २०११ सालीं सेनेटच्या वित्त-समितीनें मोठमोठ्या कंपन्यांचीं दप्तरें तपासून या प्रकारावर अहवाल प्रसिद्ध केला. शेवटीं १ जानेवारी २०२० पासून व्यायामाच्या खेपा मोजणें सोडून दिलें, साठांऐवजीं तीस दिवसांचें माप आलें आणि वर्गांची संख्या ४३२ झाली. आणि व्यायामाच्या खेपा? त्या कमी होऊं लागल्या.

शाळेंत आयुष्य घालविलेल्या माणसास याचें नवल वाटत नाहीं. आपल्याकडे शिक्षकांचीं पदें व अनुदान पटसंख्येवर ठरतें. ऑक्टोबर २०११ मध्यें महाराष्ट्र सरकारनें एकदम सर्व शाळांची पटपडताळणी केली तेव्हां कागदावरचीं कितीतरी मुलें बाकावर सांपडलीं नाहींत. मापाच्या मागें धांवतांना मूळ काम कसें मागें पडतें हें ज्यानें हजेरीपट हातांत धरला आहे त्यास सांगावयास नको.

ठरीव रकमेची पद्धति मुळांत वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ती सरासरीवर उभी असते. आजचा रुग्ण स्वस्तांत बरा झाला, उद्यांचा महाग पडला, वर्षअखेर तोंडमिळवणी झाली. साध्या रुग्णांच्या घोळक्यास हा न्याय पुरतो. परंतु ज्यांस तिकडे 'विशेष गरजांचे' रुग्ण म्हणतात, म्हणजे कणा मोडलेला तरुण, मेंदूच्या विकारानें जखडलेलें मूल, श्वासयंत्रावर जगणारी मुलगी, यांचा खर्च प्रत्येक मुदतींत सरासरीच्या वरच असतो. त्यांच्यापायीं आलेली तूट त्यांच्याकडून कधींच भरून निघत नाहीं. एखादी संस्था असेच रुग्ण पत्करीत असेल तर तिनें तूट कोठून भरून काढावी?

ही अडचण सरकारास ठाऊक नाहीं असें नाहीं. मेडिकेअरच्या पद्धतींत असाधारण महाग पडणाऱ्या रुग्णाकरितां वाढीव रकमेची तरतूद आरंभापासून आहे. पण तिची कथा ऐका. फ्लोरिडा संस्थानांत मायामी-डेड नांवाचा परगणा आहे. तेथें मधुमेही रुग्णांस दररोज इन्सुलिन टोंचण्याकरितां परिचारिका जाते असें दाखवून ही वाढीव रक्कम उकळणाऱ्या संस्था निघाल्या. सरकारनें २०१० पासून असा नियम केला कीं, कोणत्याहि संस्थेस तिच्या एकंदर प्राप्तीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम या सदराखालीं मिळूं नये. मायामीचे चोर आवरले. परंतु ही मर्यादा साऱ्या देशास लागू झाली, आणि केवळ जड रुग्णच घेणारी एखादी सचोटीची संस्था कोठें असेल तर तिलाहि ती लागली. आम्हांस हा न्याय वाटत नाहीं. ज्यानें चोरी केली त्याचा परवाना काढावा. दहा टक्क्यांवरचा रुग्ण बनावट असलाच पाहिजे असें गृहीत धरूं नये.

याच्या उलट न्यूयॉर्क संस्थानाची गोष्ट. तेथें १ मे २०१२ पासून मेडिकेडच्या गृहशुश्रूषेलाहि साठ दिवसांचें माप लावण्यांत आलें. पण तें लावतांना अठरा वर्षांखालील मुलें आणि विशेष गरजांचे कांहीं गट त्यांतून वगळले. आपली मोजपट्टी कोठें लागत नाहीं हें नियमांतच लिहून ठेवणारें सरकार विरळा; म्हणून या चार ओळी त्या सबंध नियमावलींत आम्हांस अधिक शहाणपणाच्या वाटतात.

मोजपट्टीचा आणखी एक दोष बरीच वर्षें चालला होता. रुग्णांत सुधारणा होत नसेल तर मेडिकेअरनें खर्च कां करावा, असें म्हणून मंजुरी थांबविण्याची वहिवाट पडली होती. असा नियम कायद्यांत कोठेंच नव्हता. पण वहिवाट नियमाहून बळकट. आयुर्वेदानें रोगांचे साध्य, कष्टसाध्य आणि असाध्य एवढेच भेद केले नाहींत. 'याप्य' असा आणखी एक केला. जो बरा होत नाहीं, पण उपचार चालू आहे तोंवर माणसास जगूं देतो, तो याप्य. कोसळूं पाहणाऱ्या घरास टेकू द्यावा तसा हा उपचार. टेकू काढला कीं घर पडलें. विशेष गरजांचे बहुतेक रुग्ण या वर्गांतले. व्हरमाँट येथील मध्यवर्ती न्यायालयांत २०११ सालीं दाखल झालेल्या 'जिम्मो' खटल्यांत सरकारनें तडजोड केली व ती जानेवारी २०१३ मध्यें न्यायालयानें मान्य केली. सुधारणा होते कीं नाहीं हें न पाहतां कुशल परिचर्येची गरज आहे कीं नाहीं एवढेंच पाहावें. आहे ती स्थिति टिकविणें किंवा घसरण मंदावणें हेंहि परिचर्येचें प्रयोजन होय, असें त्यांत स्पष्ट झालें. आपल्या वैद्यांस जें जुन्या काळीं अवगत होतें तें तेथें न्यायालयाकडून वदवून घ्यावें लागलें.

आतां मुलांकडे. आयोवा संस्थानांतील सीडर रॅपिड्स येथें १९७८ सालीं केटी बेकेट ही मुलगी जन्मली. पांच महिन्यांची असतां तिला मेंदूचा दाह झाला व पुढें श्वासयंत्रावर राहावें लागलें. कालांतरानें डॉक्टरांनीं तिला घरीं नेण्यास हरकत नाहीं असें सांगितलें. पण नियम आड आला. मूल रुग्णालयांत असेपर्यंत आईबापांची मिळकत हिशेबांत धरीत नसत, म्हणून मेडिकेड खर्च देई. मूल घरीं आलें कीं मिळकत धरली जाई व मेडिकेड बंद होई. म्हणजे आईबापांनीं मुलीस घरीं आणलें तर तिच्या शुश्रूषेचा खर्च त्यांच्या माथीं, आणि परक्या हातीं सोडलें तर सरकारच्या! १० नोव्हेंबर १९८१ रोजीं अध्यक्ष रेगन यांनीं पत्रकारांपुढें हें प्रकरण मांडलें आणि घरीं ठेवल्यास रुग्णालयाच्या सहाव्या हिश्शांत भागेल असें सांगितलें. त्या मुलीपुरता अपवाद झाला व ती घरीं गेली. १९८२ च्या कायद्यानें अशा मुलांचा विचार करतांना आईबापांची मिळकत न धरण्याची मुभा सर्व संस्थानांस मिळाली; कांहींनीं ती घेतली, इतरांनीं निराळ्या सवलतींच्या वाटेनें बहुतांशीं तेंच साधलें. केटीबाई महाविद्यालयांत शिकल्या, अपंगांच्या हक्कांसाठीं बोलत राहिल्या आणि २०१२ सालीं चौतिसाव्या वर्षीं वारल्या. न्यू जर्सीतील आपल्या मुलाचा बाप चांगला मिळवता असूनहि त्यास मेडिकेड कसें लागू होतें, असा प्रश्न कोणाच्या मनांत आला असेल तर त्याचें मूळ या कथेंत आहे.

त्यापुढची पायरी १९८९ सालची. त्या वर्षींच्या दुरुस्तीनें मेडिकेडखालीं असलेल्या एकवीस वर्षांखालील मुलास वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक अशी परिचर्या, तासांवर मिळणाऱ्या परिचारिकेसुद्धां, देणें संस्थानावर बंधनकारक झालें. मुलाचा दहा तासांचा कागद या कायद्याच्या जोरावर निघाला आहे. एकविसावा वाढदिवस आला कीं हा हक्क संपतो. प्रौढांकरितां तासांवरची परिचारिका ठेवणें न ठेवणें संस्थानाच्या मर्जीवर. वृद्धाश्रमवजा शुश्रूषागृह मात्र अनिवार्य. घरीं राहण्याच्या विशेष सवलतींच्या जागा बहुतेक ठिकाणीं मोजक्या, आणि त्यांच्या प्रतीक्षायादींवर देशभर लाखों नांवें आहेत. सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालीं जॉर्जियाच्या खटल्यांत, जो घरीं राहूं शकतो त्यास विनाकारण संस्थेंत डांबणें हा भेदभाव होय असें ठरविलें. तरी पैशाचा ओघ अद्याप पूर्णपणें वळलेला नाहीं.

मग हक्क असतांना माणूस कां येत नाहीं? कारण हक्क तासांचा आहे आणि तासाचा दर संस्थानानें ठरविलेला आहे. त्या दरांतून संस्थेनें परिचारिकेचें वेतन, तिचा विमा, प्रशिक्षण, कचेरीचा खर्च हें सर्व भागवावयाचें. शेजारचें रुग्णालय त्याच परिचारिकेस अधिक वेतन देतें. तेथें संकटसमयीं हांकेच्या अंतरावर डॉक्टर असतो. येथें रात्रीं एकटीनें परक्या घरांत बसून एका जिवाची जोखीम पत्करावयाची. ती रुग्णालयांत जाते. तिला दोष कसा द्यावा? ज्या तासाला कोणी आलें नाहीं त्या तासाचे पैसेहि सरकारास द्यावे लागत नाहींत, म्हणजे रिकामी गेलेली रात्र सरकारी हिशेबांत चक्क बचत म्हणून उतरते. भगिनींच्या प्रश्नाचें मर्म आमच्या मतें येथें आहे.

मेडिकेडच्या कायद्यांत एक कलम असें आहे कीं, त्या भागांतील इतर लोकांस मिळते तितकी सेवा मेडिकेडधारकांसहि मिळेल इतके दर पुरेसे असावेत. या कलमाच्या आधारें आयडाहो संस्थानांत, मतिमंद व अपंग माणसांस राहत्या घरीं सेवा पुरविणाऱ्या संस्थांनीं, दर वर्षानुवर्षें वाढविले नाहींत म्हणून सरकारवर दावा लावला. ३१ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं, दर अपुरे आहेत अशी तक्रार घेऊन संस्थांस या रीतीनें न्यायालयांत येतां येणार नाहीं. तो बंदोबस्त मध्यवर्ती खात्यानें करावा. कलम आहे, पण तें हातांत धरून दार ठोठावण्याची सोय संस्थांस उरली नाहीं.

मदतनिसांची स्थिति याहून कठीण. किमान वेतन व जादा कामाचा मोबदला यांसंबंधींच्या कायद्यांतून घरोघर सोबत करणाऱ्यांस १९७४ पासून वगळलें होतें. २०१३ सालीं नियम बदलून संस्थांनीं नेमलेल्या मदतनिसांस तें संरक्षण दिलें, त्याचा अंमल २०१५ सालीं झाला, आणि २०२५ सालीं तें पुन्हां काढून घेण्याचा प्रस्ताव आला. दरम्यान २०१६ च्या एका कायद्यानें यांची हजेरी यंत्रानें घेणें सक्तीचें केलें : कोण आलें, कोणाकडे, कोणतें काम, कोणत्या दिवशीं, कोठें, किती वाजतां आलें व गेलें. चोरीस आळा बसला असेल. पण मूल घेऊन बागेंत गेलेल्या मदतनिसाचा फोन 'घरीं नाहीं' असें नोंदवितो आणि त्या तासाच्या बिलाचा घोळ निस्तरत संस्था बसते, अशा तक्रारी तिकडील कुटुंबें करतात.

एका उपायाचा विचार आपल्या घरांत होण्यासारखा आहे. कोलोरॅडो संस्थानांत आई किंवा बाप मदतनिसाची परीक्षा देऊन संस्थेच्या नोकरींत राहतो व आपल्याच मुलाच्या सेवेचें वेतन घेतो. ॲरिझोनानेंहि २०२१ सालीं तसा कायदा केला. आणि साथीच्या दिवसांत अनेक संस्थानांनीं ही मुभा दिली. आईनें मुलाची सेवा करून पैसे घ्यावे, ही कल्पना आपल्या कानांस टोंचते. पण आपल्या एकत्र कुटुंबांत हें काम कोण करी, तें आठवावें. बालपणीं वैधव्य आलेली एखादी आत्या किंवा मावशी पंगू मुलाच्या उशाशीं रात्रीमागून रात्री काढी. ती प्रेमानें करी यांत संशय नाहीं. परंतु तिला नाहीं म्हणतां येत नव्हतें हेंहि तितकेंच खरें, आणि तिच्या रात्री कोणीं मोजल्या नाहींत. आतां ती आत्या कोणाच्याच घरीं नाहीं, आणि नसावी हेंच इष्ट. तेव्हां नोकरी सोडून मुलापाशीं बसणाऱ्या आईस सरकारनें वेतन दिलें तर अनुरागास बट्टा लागतो असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतहि अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठीं परिचारक-भत्त्याचा उल्लेख आहे. 'निरामय' योजनेंत स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविध अपंगत्व असलेल्यांस एक लाख रुपयांपर्यंत विमा आहे. त्या मानानें रात्रीच्या जागरणाचा विचार आपल्याकडे अद्याप फारसा झालेला नाहीं.

शेवटीं भगिनींच्या लेकीजांवयांनीं काय करावें तें सांगतों. ४ जुलै २०२५ रोजीं झालेल्या कायद्यानें पुढील दहा वर्षांत मेडिकेडच्या मध्यवर्ती खर्चांत मोठी कपात ठरली आहे. संस्थानांचे हात आखडले तर ऐच्छिक सेवांवर प्रथम कुऱ्हाड येण्याचा संभव आहे, म्हणून आतांपासून सावध असावें. रिकाम्या गेलेल्या प्रत्येक रात्रीची तारीख, मंजूर तास, आलेले तास आणि संस्थेनें दिलेलें कारण हें वहींत लिहून ठेवावें व संस्थानाच्या मेडिकेड कचेरीस लेखी कळवावें. इलिनॉय संस्थानांत अशाच मुलांच्या कुटुंबांनीं, तास मंजूर पण परिचारिका नाहीं म्हणून, दावा लावला. २०१६ सालीं शिकागोच्या मध्यवर्ती अपील न्यायालयानें मुलांच्या बाजूनें आदेश कायम केला आणि परिचारिका मिळवून देण्याची खटपट संस्थानानें करावी असें सांगितलें. पुढें २०२५ च्या एका निकालानें मेडिकेडच्या दाव्यांची वाट अरुंद झाली आहे, तेव्हां कायदेपंडिताचा सल्ला घेतल्यावांचून त्या वाटेस जाऊं नये. पण वही कोणत्याहि वाटेवर उपयोगी पडेल. तास कमी केल्याची नोटीस आली तर ती सामान्यतः दहा दिवस आधीं द्यावी लागते, आणि तीवर सुनावणी मागण्याचा हक्क असतो. कपात अंमलांत येण्याच्या तारखेआधीं सुनावणीचा अर्ज गेला तर निर्णय लागेपर्यंत चालू तास सामान्यतः कापले जात नाहींत; निर्णय विरुद्ध गेल्यास मधल्या तासांचे पैसे मागितले जाऊं शकतात, एवढें ध्यानांत असावें. म्हणून सरकारी पाकीट आलें कीं सायंकाळपर्यंत टेबलावर न ठेवतां फोडावें आणि सर्वांआधीं त्यांतील तारीख पाहावी.